महाराष्ट्रातील विमानतळ विकास आणि स्थानिक मतदार

महाराष्ट्रातील विमानतळांची उभारणी, त्यांचा विस्तार आणि त्यासाठी लागणारा निधी यांविषयीचे निर्णय केंद्र शासन, राज्य शासन आणि त्यांच्या अखत्यारीतील महामंडळे घेतात. ज्या गावाची जमीन विमानतळासाठी जाते किंवा ज्या शहरासाठी विमानतळ बांधला जातो, तेथील मतदारांना अशा प्रकल्पावर थेट मतदान करण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही. ग्रामसभेचा ठराव, पर्यावरणविषयक जनसुनावणी, भूसंपादनातील संमती, विकास आराखड्यावरील हरकती आणि निवडणुका हे स्थानिक मतदारांच्या प्रभावाचे मुख्य मार्ग आहेत. नाशिक (ओझर), पुरंदर, नवी मुंबई आणि सोलापूर येथील विमानतळांच्या निमित्ताने या मार्गांचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दिसून आल्या. अमेरिका, जर्मनी व स्वित्झर्लंड या देशांतील काही ठिकाणी मात्र विमानतळाचा खर्च किंवा विस्तार मतदारांच्या थेट कौलावर सोपवला गेला आहे.

घटनात्मक चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या नोंद २९ नुसार हवाई मार्ग, विमाने, हवाई वाहतूक आणि विमानतळांची तरतूद हे विषय केंद्राकडे आहेत. जमीन हा विषय राज्यसूचीत, तर भूसंपादन समवर्ती सूचीत आहे. परिणामी विमानतळ चालवण्याचा परवाना व सुरक्षेचे नियम केंद्राचे, जमीन मिळवून देण्याची जबाबदारी राज्याची आणि प्रत्यक्ष परिणाम स्थानिक वस्तीवर, अशी विभागणी होते.

७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. त्यांनी पंचायती व नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ आणि बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय दिलेले आहेत. बाराव्या अनुसूचीत नगररचना, जमीनवापराचे नियमन, रस्ते व पूल, पाणीपुरवठा असे विषय आहेत. विमानतळाचा उल्लेख दोन्ही अनुसूचींत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन कर्तव्ये सांगितली आहेत. विमानतळ बांधणे हे बंधनकारक कर्तव्य नसल्याने कोणत्याही महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा तो नियमित भाग ठरत नाही.

राज्यातील विमानतळांची मालकी निरनिराळ्या संस्थांकडे आहे. कोल्हापूर, सोलापूर, जळगाव, छत्रपती संभाजीनगर हे विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहेत. हे प्राधिकरण १९९४ च्या अधिनियमानुसार १ एप्रिल १९९५ रोजी अस्तित्वात आले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेला शिर्डी विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा आहे. नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ व धाराशिव येथील धावपट्ट्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या असून २००९ मध्ये त्या खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने देण्यात आल्या होत्या. यांपैकी एकाही संस्थेचे संचालक मंडळ मतदारांनी निवडून दिलेले नसते.

निधीची रचना

विमानतळासाठीचा पैसा प्रामुख्याने चार मार्गांनी येतो : केंद्र व राज्याच्या अंदाजपत्रकातील तरतूद, संबंधित महामंडळाचा निधी, खासगी भागीदाराची गुंतवणूक व कर्जे, आणि प्रवाशांकडून तिकिटासोबत घेतले जाणारे वापरकर्ता विकास शुल्क. मोठ्या विमानतळांवरील शुल्काचे दर २००८ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेले विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते. त्यासाठी सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या जातात, परंतु तेथे प्रवासी आणि विमान कंपन्या हेच मुख्य पक्ष असतात.

ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या 'उडान' या प्रादेशिक जोडणी योजनेत तोट्यातील मार्गांसाठी विमान कंपन्यांना तफावत निधी दिला जातो. महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्याचा २० टक्के हिस्सा राज्य शासन उचलते. याशिवाय विमान इंधनावरील कर कमी करणे आणि जमीन मोफत देणे ही राज्याची जबाबदारी असते. हा खर्च विधिमंडळाच्या मंजुरीने होत असल्याने मतदारांचे नियंत्रण आमदारांमार्फत, म्हणजे दुरान्वयानेच राहते.

स्थानिक संस्थेच्या हाती आर्थिक बाजूने उरते ती करआकारणी. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार ग्रामपंचायत आपल्या हद्दीतील इमारती व जमिनींवर कर आकारू शकते. मात्र केंद्र शासनाच्या मालमत्तेला राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ नुसार करातून सूट आहे. त्यामुळे विमानतळ नेमका कोणाच्या मालकीचा आहे, यावर गावाच्या तिजोरीत काय पडते हे अवलंबून असते.

मतदारांच्या हाती असलेले मार्ग

ग्रामसभा

गावातील सर्व नोंदणीकृत मतदार ग्रामसभेचे सदस्य असतात. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरली जाते. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ चा पेसा कायदा आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४१ यांमुळे ग्रामसभेचा सल्ला व पूर्वसंमती यांना कायद्याचे बळ मिळते. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके पूर्णतः आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक व बागलाण तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अन्य गावांत ग्रामसभेचा विरोधी ठराव प्रशासनाकडे नोंदला जातो, पण तो प्रकल्प थांबवण्यास पुरेसा ठरत नाही.

भूसंपादनातील संमती

२०१३ च्या भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्स्थापना कायद्यानुसार खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असल्यास बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के कुटुंबांची पूर्वसंमती लागते. शासनाने स्वतःसाठी जमीन घेतल्यास ही अट लागू होत नाही. कायद्यातील सामाजिक परिणाम मूल्यांकनात पंचायत किंवा नगरपालिकेशी विचारविनिमय करणे आवश्यक आहे. ही संमती मतदाराची नसून बाधित कुटुंबाची असते. त्याच गावात राहणारा, परंतु संपादनात ज्याची जमीन अथवा उपजीविका जात नाही असा मतदार या मोजणीच्या बाहेर राहतो.

जनसुनावणी

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार विमानतळ प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागते. जनसुनावणीचे आयोजन राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ करते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी तिचे अध्यक्षपद भूषवतात. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही आणि मतमोजणीही होत नाही. उपस्थितांचे आक्षेप इतिवृत्तात नोंदवून प्रकल्पकर्त्याचे उत्तर घेतले जाते.

नगररचना आणि उंचीचे निर्बंध

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखड्यावर नागरिकांना हरकती घेता येतात. विमानतळाभोवतालच्या इमारतींच्या उंचीवर केंद्राच्या २०१५ च्या नियमांनी मर्यादा घातली आहे. विमानतळ महापालिकेच्या हद्दीबाहेर असला तरी बांधकाम परवानगी नाकारण्याचे काम मात्र स्थानिक संस्थेलाच करावे लागते. धोरण ठरवण्यात वाटा नसलेली संस्था त्याची अंमलबजावणी करते, असे चित्र यातून निर्माण होते.

नाशिक

नाशिक शहराचा नागरी विमानतळ शहरात नसून सुमारे २० किलोमीटरवर ओझर येथे आहे. मिग विमानांच्या निर्मितीसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) या केंद्रीय उपक्रमाचा कारखाना १९६४ मध्ये येथे स्थापन झाला. तीन हजार मीटर लांबीची धावपट्टी या कारखान्याचीच आहे. शहराच्या हद्दीतील गांधीनगरची धावपट्टी लष्कराच्या हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाते.

प्रवाशांसाठीची इमारत जानोरी गावाच्या बाजूला राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधली व २०१४ मध्ये तिचे उद्‌घाटन झाले. इमारत तयार असूनही काही वर्षे नियमित सेवा सुरू झाली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतून मुंबईसाठी सेवा सुरू झाली. पुढे मार्ग बदलत गेले, काही सेवा बंद पडल्या व नव्या आल्या. मालवाहतुकीसाठी एचएएल आणि कंटेनर कॉर्पोरेशन यांचे 'हॅलकॉन' हे संयुक्त केंद्र ओझर येथे आहे. द्राक्षे, कांदा व भाजीपाला पिकवणाऱ्या जिल्ह्यासाठी त्याला महत्त्व आहे.

नाशिकच्या बाबतीत तीन वेगवेगळे मतदारसमूह दिसतात. पहिला समूह शहरातील प्रवाशांचा. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर यांसारख्या भागांतील रहिवासी नाशिक महानगरपालिकेचे मतदार आहेत आणि विमानसेवेची मागणी प्रामुख्याने शहरातून होते. परंतु विमानतळ त्यांच्या महापालिकेच्या हद्दीत नाही. दुसरा समूह ओझर (निफाड तालुका) आणि जानोरी (दिंडोरी तालुका) परिसरातील रहिवाशांचा. जमीन, आवाज, रस्त्यांवरील वर्दळ आणि रोजगार हे विषय त्यांच्या दैनंदिन जीवनाशी निगडित आहेत. पण विमानसेवेचे वेळापत्रक, शुल्क अथवा विस्ताराचा आराखडा त्यांच्या नगर परिषदेसमोर किंवा ग्रामपंचायतीसमोर मंजुरीसाठी येत नाही. तिसरा समूह देशभरातील करदात्यांचा, ज्यांच्या पैशातून संरक्षण कारखान्याची धावपट्टी उभी राहिली. धावपट्टीवर पहिला हक्क कारखान्याच्या चाचणी उड्डाणांचा असल्याने नागरी सेवेच्या वेळा त्यांना सांभाळून ठरवाव्या लागतात.

२०२६–२७ मधील सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पार्श्वभूमीवर प्रवासी इमारतीचा विस्तार आणि दुसरी धावपट्टी यांचे निर्णय २०२५ मध्ये राज्य शासन व एचएएल यांच्या पातळीवर झाले. या काळात नाशिक महानगरपालिकेत लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात नव्हते. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादांमुळे राज्यभरातील निवडणुका लांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मधल्या जवळपास चार वर्षांत महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता; नाशिक जिल्हा परिषदेचीही स्थिती तशीच होती. सभागृह अस्तित्वात असते तरी विमानतळाच्या आराखड्याला त्याची संमती कायद्याने आवश्यक नव्हती. मात्र जोडरस्ते, शहर बससेवा, पाणी व सांडपाणी या महापालिकेच्या कामांवर होणाऱ्या परिणामांची सार्वजनिक चर्चा करण्याचे व्यासपीठ या काळात उपलब्ध नव्हते.

राज्यातील अन्य उदाहरणे

पुरंदर

पुण्यातील लोहगाव विमानतळ हवाई दलाचा असल्याने नव्या विमानतळाची मागणी जुनी आहे. आधी खेड तालुक्यातील जागांचा विचार झाला; तेथील शेतकऱ्यांच्या विरोधानंतर २०१६ मध्ये पुरंदर तालुक्याची निवड जाहीर झाली. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही सात गावे प्रस्तावित क्षेत्रात आली. प्रारंभीच्या आराखड्यात सुमारे २,८०० हेक्टर जमीन होती. अंजीर व सीताफळाच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या भागातील ग्रामसभांनी विमानतळाविरोधात ठराव केले. मधल्या काळात पर्यायी जागा सुचवण्यात आली, परंतु संरक्षण मंत्रालयाच्या मान्यतेअभावी ती मागे पडली व मूळ जागा कायम राहिली.

मार्च २०२५ मध्ये ही जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली आणण्यात आली. मे २०२५ च्या आरंभी ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. त्यानंतर क्षेत्र कमी करून सुमारे १,२८५ हेक्टर करण्यात आले आणि मोबदल्यासोबत विकसित भूखंड देऊ करून ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये जमीनधारकांकडून संमतिपत्रे घेण्यात आली. ग्रामसभेच्या सामूहिक ठरावाऐवजी प्रत्येक खातेदाराची स्वतंत्र संमती हा निर्णयाचा आधार झाला.

नवी मुंबई

नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे १,१६० हेक्टर क्षेत्र वापरण्यात आले आणि दहा गावांचे स्थलांतर झाले. येथील नियोजन प्राधिकरण असलेले सिडको हे निवडून आलेले मंडळ नाही. पनवेल महानगरपालिका स्थापन झाली ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी, म्हणजे जागेविषयीचे सर्व प्रमुख निर्णय झाल्यानंतर. तरीही १९८४ च्या शेतकरी आंदोलनाचा वारसा असलेल्या प्रकल्पग्रस्तांनी २२.५ टक्के विकसित भूखंडाचे पुनर्वसन पॅकेज मिळवले. जून २०२१ मध्ये विमानतळास दि. बा. पाटील यांचे नाव देण्यासाठी मानवी साखळी व सिडको भवनाला घेराव अशी मोठी आंदोलने झाली आणि २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या नावाचा ठराव केला. विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. येथे मतपेटीपेक्षा संघटित आंदोलनाचा प्रभाव अधिक ठरला.

सोलापूर

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या मार्गात श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी अडथळा ठरत होती. एका बाजूला विमानसेवेची मागणी करणारे शहरवासी आणि दुसऱ्या बाजूला हजारो ऊस उत्पादक सभासद असा हा वाद अनेक वर्षे चालला. परवानगीविना बांधकाम झाल्याच्या कारणावरून सोलापूर महानगरपालिकेने १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली. त्या वेळी महापालिकेतही प्रशासकीय राजवट होती. ९ जून २०२५ रोजी गोव्यासाठी विमानसेवा सुरू झाली. कारखान्याचे सभासद आणि शहराचे मतदार हे दोन्ही लोकशाही समूह असूनही निर्णय दोघांच्याही मतदानाने झाला नाही.

प्रत्यक्ष मतदानाचे पूर्वदाखले

विमानतळाबाबत नसले तरी स्थानिक मतदानाचे काही दाखले मराठी भाषकांच्या प्रदेशात आहेत. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण व दीव येथे विलीनीकरणाच्या प्रश्नावर जनमत कौल घेण्यात आला आणि गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय दिला. त्याच गोव्यात मोपा विमानतळ व दाबोळीचे भवितव्य हा दीर्घकाळ वादाचा विषय राहिला, पण त्यावर कौल घेतला गेला नाही. तो वाद न्यायालयात गेला; सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण परवानगी स्थगित केली व जानेवारी २०२० मध्ये अतिरिक्त अटींसह स्थगिती उठवली.

२१ सप्टेंबर २००८ रोजी रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत प्रस्तावित महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविषयी शेतकऱ्यांचे मत जिल्हा प्रशासनाने मतदानाद्वारे अजमावले. कौल मोठ्या प्रमाणात विरोधात गेला. या मतदानाला कायद्याचे बंधन नव्हते, तथापि ते भूसंपादन पुढे पूर्ण झाले नाही.

महाराष्ट्रात कायदेशीर परिणाम असलेले स्थानिक मतदान दारूबंदीच्या संदर्भात होते. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते आणि एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडल्यास दुकान बंद होते. स्थानिक प्रश्नावर बंधनकारक मतदान घेण्याची यंत्रणा राज्यात अस्तित्वात आणि परिचित असल्याचे हे उदाहरण आहे.

ओडिशातील नियमगिरी येथे सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीचा प्रस्ताव फेटाळला. मात्र त्या निर्णयाचा आधार वनहक्क कायदा हा होता.

इतर देशांतील पद्धती

अमेरिकेत अनेक विमानतळ शहरांच्या किंवा काउंटींच्या मालकीचे असतात. त्यामुळे विमानतळाचा प्रश्न हा नगरपालिकेच्या निवडणुकीचा प्रश्न होऊ शकतो. डेन्व्हर शहराच्या मतदारांनी १६ मे १९८९ रोजी नव्या विमानतळाला कौल दिला. त्याआधीच्या वर्षी शेजारच्या अ‍ॅडम्स काउंटीच्या मतदारांनी त्यासाठी जमीन शहरात समाविष्ट करण्यास मान्यता दिली होती. म्हणजे वापरणारे आणि जमीन देणारे या दोन्ही समूहांचे मत स्वतंत्रपणे घेतले गेले. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे २०१४ मध्ये विमानतळाच्या जमिनीवरील नव्या बांधकामास मतदारांची मान्यता आवश्यक करणारा प्रस्ताव संमत झाला.

जर्मनीत म्युनिक शहराची विमानतळ कंपनीत २३ टक्के भागीदारी आहे. १७ जून २०१२ रोजी शहराच्या मतदारांनी तिसऱ्या धावपट्टीविरोधात सुमारे ५४ टक्के मते दिली आणि ती धावपट्टी बांधली गेली नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिक प्रांतात ३ मार्च २०२४ रोजी धावपट्ट्यांची लांबी वाढवण्यास सुमारे ६२ टक्के मतदारांनी मान्यता दिली. स्थानिक मतदान म्हणजे विस्ताराला नकार, असे समीकरण त्यामुळे मांडता येत नाही.

फ्रान्समधील नोत्र-दाम-दे-लांद येथे जून २०१६ मध्ये ५५ टक्के मतदारांनी नव्या विमानतळाच्या बाजूने मत दिले. तरीही १७ जानेवारी २०१८ रोजी शासनाने प्रकल्प रद्द केला. सल्लात्मक कौल दोन्ही दिशांनी डावलला जाऊ शकतो, हे यातून दिसते.

बाजूचे व विरोधी युक्तिवाद

स्थानिक मतदानाच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य मुद्दा असा की, विमानतळाचा लाभ दूरवर पसरतो आणि तोटा मोजक्या गावांवर एकवटतो. म्हणून त्या गावांच्या मताला अधिक वजन हवे. आधी मत घेतल्यास पुढील न्यायालयीन वाद व विलंब टळतो, असाही दावा केला जातो. वापराविना पडून राहिलेल्या प्रवासी इमारती व धावपट्ट्या यांचा दाखला देऊन, खर्चापूर्वी जाहीर चर्चा झाली असती तर गरजेची शहानिशा झाली असती, असे म्हटले जाते.

विरोधी बाजूचा मुद्दा असा की, विमानतळ हे जिल्ह्याचे किंवा राज्याचे साधन असून एका गावाला नकाराधिकार दिल्यास कोणताही सार्वजनिक प्रकल्प उभा राहणार नाही. हवाई सुरक्षा आणि संरक्षण हे विषय मतदानास योग्य नाहीत. ओझरसारख्या ठिकाणी धावपट्टी संरक्षण उत्पादनाची असल्याने हा आक्षेप अधिक लागू पडतो. मतदार कोणाला मानावे, हा प्रश्नही अनुत्तरित राहतो : केवळ जमीन जाणाऱ्या गावांना विचारल्यास निकाल एक, जिल्ह्याला विचारल्यास दुसरा आणि महानगराला विचारल्यास तिसरा लागू शकतो.

या दोन टोकांमधील मार्ग म्हणून जिल्हा नियोजन समितीत (अनुच्छेद २४३ झेडडी) विमानतळाच्या आराखड्याची चर्चा, बाधित ग्रामसभांच्या ठरावांना लेखी व कारणांसह उत्तर, आणि विमानतळाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा स्थानिक संस्थेस देणे, हे पर्याय सुचवले जातात. यांपैकी जिल्हा नियोजन समितीचा मार्ग नवा कायदा न करताही उपलब्ध आहे, कारण तिचे बहुसंख्य सदस्य जिल्ह्यातील पंचायती व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांमधून निवडले जातात. मात्र त्या संस्थांच्या निवडणुका वेळेवर होणे, ही त्याची पूर्वअट आहे.

हेही पाहा

नाशिक विमानतळ
नाशिक महानगरपालिका
ग्रामसभा
७४ वी घटनादुरुस्ती
नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ
उडान योजना
गोवा जनमत कौल, १९६७